खंडेनवमीला पुजलेली मोटार

१

दसऱ्याच्या सकाळी माणसानं मरू नये. सगळं गाव नव्या कपड्यांच्या आणि आपट्याच्या पानांच्या मागं असतं, रडायलाही कुणाला सवड नसते. पण हंबीररावांनी आयुष्यात दुसऱ्याची सोय कधी बघितली नव्हती, ती मरतानाही बघितली नाही.

मंगळवार पेठेतले पिराजी फौजदार आरशापुढं फेटा बांधत होते. तेवढ्यात जोतिबाच्या डोंगरावर नारळ विकणारा आकाराम दारात येऊन उभा राहिला. त्याला धड बोलता येत नव्हतं.

"फौजदारसाब, मोटार पडली. उतारावरनं खाली गेली. हंबीरराव सरकार त्यातच हायती."

"जिवंत?"

आकारामनं नाही म्हणून मान हलवली. पिराजींच्या हातातला फेटा तसाच राहिला. हंबीरराव आणि ते एका तालमीत वाढले होते, एकमेकांची माती अंगाला लावून घेतली होती. एक सरदार झाला, एक फौजदार. तरी भेटले की शिव्या घालूनच बोलायचे.

शाहू महाराजांच्या राज्यात तेव्हा मोटारी फार नव्हत्या, आणि हंबीररावांच्या मोटारीसारखी तर एकच. बेळगावच्या पलटणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, त्याची दोन माणसांची वेगवान गाडी हंबीररावांनी घेतली होती. घेतली ती घेतली, आणि मग कापायला काढली. दारं गेली, टप गेला, चाकांवरचे मडगार्ड गेले. मागं पत्र्याची निमुळती शेपटी आली, इंजिनात काय काय बदल झाले. गाडी तोफेसारखी वाजायची आणि रस्त्यातल्या कोंबड्यांचं आयुष्य कमी करायची. गाव हसायचं, पण बघायला पळायचंही.

आता ती दरीत उलटी पडली होती. पुढच्या जाळीवरचा झेंडूचा हार मात्र शाबूत होता. पिराजींनी मित्राच्या तोंडावर उपरणं टाकलं, वर रस्त्यावर आले आणि वळणापाशी थांबले. टायर घासल्याचा काळा पट्टा तिथं स्पष्ट उमटला होता. पण पट्टा एकच होता, उजव्या चाकाचा, आणि तो उजवीकडं दरीच्या तोंडापर्यंत गेला होता.

ब्रेक दाबला असेल तर दोन चाकांचे दोन पट्टे हवेत. दुसरा कुठं गेला?

२

पिराजी हंबीररावांच्या घरी पोचले तेव्हा आक्का ओसरीवरच उभ्या होत्या. हंबीररावांची ही थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली, आणि आई गेल्यावर हंबीरराव आणि धाकटे बाळासो, दोन्ही भावांना तिनंच वाढवलं. तालमीतून आल्यावर पिराजींच्या हातातही दुधाचा तांब्या तीच ठेवायची. आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

"पिराजी, त्या कुतुब्याला धर. त्येनंच मारलं माझ्या भावाला. सोलून सोलून गाडी निकामी केली त्येनं."

कुतुबुद्दीन हा बग्ग्या बांधणाऱ्या घराण्यातला मिस्त्री. हंबीररावांच्या मोटारीवर गेली दोन वर्षं त्यानं हात काळे केले होते. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं झालं. गाडी त्यानं बनवली, मग मारलंही त्यानंच. घोळका त्याच्या दारात जमायला लागला, म्हणून पिराजींनी त्याला ठाण्याच्या कोठडीत आणून बसवलं. वाचवायला आणलं की पकडायला, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सरदार मेला होता, कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागणार होती. फाशी चुकली तर जन्मठेप.

ठाण्याच्या पायरीवर कुतुबची बायको रोशनबी भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. पोरं शेजारणीकडं ठेवून आली होती.

"साहेब, यांच्या हातनं मुंगी मरत न्हाय," ती म्हणाली. "पन म्या सांगून कोन ऐकनार?"

कुतुब भिंतीला टेकून बसला होता. पिराजींनी विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"वजन कमी कर कुतुब, वजन कमी कर. येवढंच म्हणायचं सरकार. जोतिबाचा डोंगुर चढून दाखवायचा हुता त्यास्नी. सांगाड्याच्या पट्ट्यांना भोकं पाडली, म्हागची गादी काढली. हातब्रेक काढ म्हणालं तवा मी अडून बसलो. म्हणलो, सरकार, पायाचा येकटा ब्रेक ऱ्हाईल. तर हसलं. म्हणलं, तू बग्ग्याच कर जा."

"आणि पायाचा ब्रेक?"

"म्हागच्या दोनी चाकांस्नी हुता. चाकापाशी येक दांडी येती, ती बोटायेवढ्या पिनंनं आडकवल्याली. पिन गळू ने म्हणून तिच्या भोकात येक तार घालून दुमडल्याली. मडगार्ड काढल्यापास्नं समदं उघडंच दिसायचं, शेंबडं पोर बी बघंल."

"तार नीट होती?"

"खंडेनवमीला सकाळी सरकार सोता खाली झोपून बघत हुतं. बाळासो सरकार बी हुतं शेजारी, इचारा त्यास्नी. मग हत्यारं पुसली आन् पूजेत ठेवली. माझी पक्कड, पाने, समदं तितंच हाय. मी घरला गेलतो. दुसऱ्या दिशी लोकच आलं दारात."

पिराजी उठले. नवमीच्या सकाळी ब्रेक धड होता आणि दसऱ्याला नव्हता. म्हणजे जे काही झालं ते मधल्या वेळात, आणि त्या वेळात घरातलं एकूण एक हत्यार देवापुढं होतं. मग कुणी काय वापरलं?

३

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बैल जुंपून मोटार परत हंबीररावांच्या घरामागच्या शेडमध्ये आणली होती. पिराजी गुडघ्यावर बसले. उजव्या मागच्या चाकाची दांडी, पिन, तार, सगळं जागच्या जागी. डाव्या चाकाची दांडी मात्र मोकळी लोंबत होती. म्हणजे उतारावर एकाच चाकानं धरलं, दुसरं मोकळं पळालं, आणि गाडी उजवीकडं फिरून दरीत गेली. एका पट्ट्याचं कोडं सुटलं, पण मोठं कोडं तसंच राहिलं.

तेवढ्यात आकाराम परत आला. त्याच्या तळहातावर बोटाएवढी लोखंडी पिन होती.

"ही वर जायाच्या चढावर घावली. म्हणलं बघा, मोटारीची हाय का."

पिन धड होती, वाकली नव्हती. टोकाशी तारेचं भोक होतं, आणि ते रिकामं होतं. तार तुटली असती तर तुकडा आत अडकून राहिला असता. म्हणजे तारेचे दुमडलेले पाय कुणीतरी सरळ करून ती ओढून काढली होती. पिन मग धक्क्याधक्क्यानं सरकत गेली आणि चढावर गळून पडली. चढताना ब्रेक लागत नाही, म्हणून हंबीररावांना ते कळलंच नाही.

पिराजींनी पिन नाकाशी नेली. भोकाभोवती ओरखडे होते आणि ग्रीसमध्ये काजळी चिकटली होती, चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला असते तशी. हंबीरराव शेडमध्ये विडीसुद्धा पेटवू द्यायचे नाहीत, पेट्रोलच्या भीतीनं. मग इथं काजळी आली कुठून?

शेडच्या कोपऱ्यात चौरंगावर पूजा अजून तशीच होती. तलवार, खंडा, भाला, आणि शेजारी कुतुबची हत्यारं ओळीनं मांडलेली. पक्कड अगदी कडेला. तिच्यावरचं ओलं कुंकू वाळून गेलं होतं आणि त्यात अक्षता जशाच्या तशा चिकटल्या होत्या. पक्कड कुणी उचललेली नव्हती. पाने नाहीत, हातोडा नाही. तलवारीच्या मुठीवरचं कुंकू तेवढं फासलेलं होतं.

"तलवार कुणी उचलली?"

दारात धाकटे बंधू बाळासो उभे होते. डोळे सुजलेले, अंगावर कालचाच सदरा.

"मी. दोस्तांस्नी दावायला. त्यात काय?"

"पूजेतली?"

"असली थोतांडं मी मानत न्हाय. आक्कानं लई झापलं की. म्हणली, पूजा मोडलीस तर पुजणाऱ्याचं वाईट हुतं. आता म्हणंल ती, माझ्यामुळंच झालं."

"भावाशी भांडण होतं तुमचं."

"व्हय, हुतं. सबंद गावाला ठावं हाय. दोघांनी मिळून डोंगुर चढायचा असं ठरलं हुतं. मग दादानं वजनापायी माझी शीटच उपटून काढली. लई राग आला मला. पन फौजदार," ते मोटारीकडं वळले, "शीट असती तर मीबी गेलो असतो त्येच्यासंगं. त्ये बरं झालं असतं का वाईट, त्येच कळंना झालंय."

बाळासो निघून गेले आणि पिराजी चौरंगापुढं उभे राहिले. भांडण खरं, राग खरा. पण ज्यानं तलवार बेलाशक उचलली तो पक्कड उचलायला कशाला कचरेल?

मग हाताशी पक्कड असताना ती सोडून भलतंच हत्यार शोधत गेलं कोण?

४

काजळी चुलीपाशीच असते. पिराजी मागच्या दारानं स्वयंपाकघरापाशी गेले. तिथं चिमणाबाई, घरातली जुनी स्वयंपाकीण, ताटं घासत होती. घरात सुतक असल्यामुळं चूल विझलेली होती. चिमणाबाईच्या उजव्या हाताची बोटं फोडांनी भरली होती, वर कोरफड थापलेली.

"हाताला काय झालं?"

"भाजलं वो. नवमीच्या दुपारी मटणाचं भांडं उतरायचं हुतं, आन् सांडशी घावंना. पदरानंच धरलं, तर रस्सा आला हातावर."

"सांडशी गेली कुठं?"

"कुटं जाती? सांजच्याला बघितली तर खुंटीलाच. म्हणलं, म्हातारपन आलं बाई, डोळ्यांफुडचं दिसंना."

घरातली विळी आणि कोयता त्या दिवशी पूजेत होते. धारेचं असेल ते सगळं देवाचं. सांडशीला धार नसते आणि तिच्यावाचून भांडं उतरत नाही, म्हणून तिला कुणी पुजत नाही. पिराजींनी खुंटीवरची सांडशी उतरवली. बाहेरून ती चुलीनं काळी झालेली होती. जबड्यात मात्र बोट फिरवलं तसं हिरवट, चिकट ग्रीस लागलं. रश्शाचं तेल असं नसतं.

"चिमणाबाई, त्या दुपारी सांडशी मागायला कोण आलं होतं?"

"मागायला?" तिला हसूच आलं, मग घरात काय झालंय ते आठवून ती गप्प झाली. "घरची मानसं मागून न्हेत्यात व्हय?"

"कुतुब मिस्त्री आलता का इकडं?"

"हितं? चुलीपाशी? काय बोलताय फौजदार. त्यो अंगणातच जेवतो, आन् त्या दिशी पूजा झाल्याव लगीच घरला गेलता. चुलीपाशी मी आसती न्हाय तर..."

ती थांबली. पिराजींनी तिला पुढचं बोलायला लावलं नाही. कुतुब चुलीपर्यंत येऊ शकत नव्हता. चिमणाबाईनं स्वतःची बोटं भाजून घेतली नसती. बाळासोंना पूजेची भीती नव्हती. उरलं ते माणूस, ज्याच्या जिवाला हंबीररावांच्या पूजेला बोट लावायची भीती होती. पूजा मोडली तर भावाचं वाईट होईल, असं ज्याला मनापासून वाटत होतं.

पिराजींना वाटलं, आपण ही पिन कधी हातात घ्यायलाच नको होती.

५

आक्का माजघरात घोंगडीवर बसल्या होत्या. पिराजी समोर बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत चोर, दरोडेखोर, खुनी बघितले होते, पण असा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता.

"आक्का, नवमीला दुपारी सांडशी घेऊन तुम्ही शेडमध्ये गेलता?"

"गेलते की." आक्कांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "खीळ काढायला."

"कसली खीळ?"

"चाकाची. अरं, आमचं बाबा असंच येडं. अमावास्या बघायचं न्हाईत, नदीला पूर बघायचं न्हाईत, गाडी जुंपून निघायचं. मग आमची आई गुपचाप जाऊन बैलगाडीच्या चाकाची खीळ काढून ठेवायची. खीळ नसली की चाक अंगणातच निसटतंय, गाडी बसती खाली. बाबा शिव्या देत घरात यायचं, आन् आई चुलीपाशी हसायची. कितीदा वाचवलं तिनं त्यास्नी."

आक्कांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"हंबीर ह्या गाडीनं दोनदा पडला. त्येला म्हणलं, दसऱ्याचं तरी घरात ऱ्हा. ऐकंना. मग चाकाला बघितलं, येक खीळ दिसली, दुमडल्याली. तितं पक्कड हुती, पन ती पूजेतली. त्येच्या पूजेला मी रांडमुंड बाई कशी हात लावू? त्येचं वाईट झालं असतं. म्हणून सांडशी न्हेली." त्यांनी कनवटीतून दुमडलेल्या तारेचा तुकडा काढून पिराजींच्या हातात दिला. "पन काय उपेग झाला? सकाळी मी दाराआड हुबी ऱ्हाऊन बघतेय, आता चाक निसटंल, मग निसटंल. गाडी गेली की भुर्रकन. इलायती वस्तू, तिला आमच्या खिळीचं काय."

आणि मग आवाज चढवून त्या म्हणाल्या, "मी अडवायला बघितलं रं, पिराजी. मला न्हाय जमलं. पन कुतुब्याला सोडू नगंस. त्येच्या ब्रेकानं घात केला."

त्यांना ठाऊकच नव्हतं. कालपासून ते खुन्याला शोधत होते, आणि खून करणारं कुणी नव्हतंच. एक बहीण होती, तिनं भावाला घरात ठेवायचा प्रयत्न केला होता. तिला काही न सांगता उठावं, तर कुतुब आयुष्यभर बेडीत. सांगावं, तर हिला उरलेलं आयुष्य कसं काढायला लावायचं?

ते उठले. तार त्यांच्या मुठीत होती.

६

तिसऱ्या दिवशी आक्का स्वतःच ठाण्यावर आल्या, जबानी द्यायला. बाळासो बरोबर होते. पायरीवर रोशनबी तशीच बसलेली होती. आक्कांनी तिच्याकडं बघितलं नाही.

पिराजींनी कुतुबला कोठडीतून बाहेर आणलं. रात्रभर त्यांनी एकच विचार केला होता, की आपण आक्कांना सांगायचं नाही, कुतुबच सांगेल. त्याचा हक्क आहे, त्याचा जीव आहे. भित्र्या माणसाला असले विचार फार पटतात. त्यांनी तार टेबलावर ठेवली.

"कुतुब, ही ओळख. आक्कांनी नवमीला गाडीची काढली होती, गाडी घरात राहावी म्हणून."

कुतुबनं तार बघितली. मग आक्कांकडं बघितलं. दोन वर्षं अंगणात त्याच्या ताटात भाकरी वाढणारी बाई, आणि दोन दिवसांपासून त्याला फासावर मागणारीही तीच. त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं आणि विझलं. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"ही ब्रेकाची न्हवं," तो म्हणाला. "ही आशीच, पत्र्याची हाय. हिच्यानं कायबी हुत न्हाय."

"कुतुब!"

"फौजदारसाब, पिन मीच नीट बसवली नव्हती. चूक माझी हाय."

रोशनबी ताडकन उठून आत आली. "काय बोलताय तुमी? दोन दिसांपास्नं रडून सांगताय, चूक माझी न्हाय म्हनून! पोरांनी काय करायचं? मी कुटं जाऊ?" तिनं त्याचा सदरा धरून त्याला गदागदा हलवलं. "बोला की! खरं बोला!"

कुतुब खाली बघत राहिला. बाळासोंना काही समजेना, ते एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. पिराजींना स्वतःची शरम वाटत होती. जे त्यांना बोलवत नव्हतं ते त्यांनी या माणसाच्या गळ्यात बांधलं होतं, आणि त्यानं ते मुकाट गिळलं होतं.

आक्का मात्र रोशनबीकडं बघत होत्या. पहिल्यांदाच नीट बघत होत्या. मग त्या टेबलापाशी आल्या.

"कुतुब, वर बघ. ही काढल्याव चाक अंगणात का न्हाय निसटलं?"

"आक्कासाब, ऱ्हाऊ द्या."

"सांग म्हणते न्हवं?"

"मोटारीचं चाक हिच्यावर नस्तं."

"मग हिच्यावर काय अस्तं?"

बाहेर रस्त्यावरून एक टांगा गेला. कुतुबनं टेबलावरची तार उचलून परत ठेवली. आक्कांनी वाट बघितली. घाई केली नाही, रागावल्या नाहीत. भावांना बोलतं करायला त्या अशाच वाट बघत असतील.

"थांबणं," कुतुब म्हणाला. "हिच्यावर थांबणं अस्तं, आक्कासाब."

बाळासोंच्या तोंडून "आक्का" एवढंच निघालं. त्यांनी पुढं होऊन बहिणीला धरायला हात केला. आक्कांनी तो हलकेच बाजूला सारला. त्यांचा चेहरा अगदी कोरा झाला होता. पिराजींना वाटलं, आता ही किंचाळेल, आता पडेल. त्या पडल्या नाहीत. रोशनबीनं नवऱ्याचा सदरा सोडला आणि तोंडाला पदर लावला. ज्या बाईला दोन दिवस शिव्याशाप दिले होते तिच्यासाठीच आता तिला रडू येत होतं.

"पिराजी," आक्का म्हणाल्या. आवाज दुधाचा तांब्या देताना असायचा तसाच होता. "ह्येला घरला धाड. पोरं वाट बघत असत्याल."

"आक्का, हा खून नव्हे. कुठलाही न्यायाधीश..."

"त्ये तुमचं तुमी बघा." त्या कोठडीच्या उघड्या दाराकडं वळल्या. आत भिंतीपाशी कुतुबचं पटकूर तसंच पडलं होतं. "मला फकस्त सांग, मी कुटं बसू?"

पिराजी फौजदारांनी आपली खुर्ची पुढं ओढली. पण आक्का स्वतःच आत जाऊन त्या पटकुरावर बसल्या.